वारशाने आलेला हस्तिदंत आणि जुने दागिने: मालकी, निगा, विक्री

जुन्या पेटीतून हस्तिदंती चुडा, फणी किंवा कुंकवाचा करंडा निघाला की त्याला किती किंमत येईल, हेच बहुधा आधी विचारले जाते. भारतात याचे उत्तर थोडक्यात असे की हस्तिदंत विकता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या, तर १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला. वस्तू शंभर वर्षांची आहे किंवा तिच्यावर सोन्याचा पत्रा चढवलेला आहे, एवढ्याने सूट मिळत नाही.

वारशाने मात्र ती घेता येते. त्यासाठी वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे महाराष्ट्रात नागपूरच्या कार्यालयाकडे, लेखी घोषणा करावी लागते. पूर्वजांच्या नावाचे मालकी प्रमाणपत्र सापडले तर ते मृत्युपत्राइतकेच जपावे. ते नसेल तर वस्तू दडवून न ठेवता जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. प्रमाणपत्रधारकाला वस्तू नकोशी झाल्यास २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती शासनाकडे सोपवता येते, पण मोबदला मिळत नाही. परदेशी राहणाऱ्या लेकीला सुट्टीत आल्यावर ती सामानातून नेऊ देणे हा तर सरळ गुन्हा ठरेल.

वस्तू खरोखर हस्तिदंताची आहे का, हे भिंगातून पाहावे. आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेघा असतात, तर सेल्युलॉइडच्या (एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) नकलेत रेषा संशय यावा इतक्या सरळ व समांतर असतात. तापलेल्या सुईची परीक्षा कोणी सुचवली तरी करू नये: खऱ्या वस्तूवर डाग राहतो आणि सेल्युलॉइड पेट घेते.

हस्तिदंत हवेतील ओलावा शोषतो आणि सोडतो, आणि त्याचे फुगणे-आकसणे सर्व दिशांना सारखे नसल्यामुळे त्याला तडे जातात. कोकणातल्या पावसाळ्यातून काढून थेट वातानुकूलित खोलीत ठेवणे म्हणूनच घातक. तो पाण्याने धुऊ नये, तेल लावू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडून पांढऱ्या, न रंगवलेल्या सुती कापडात गुंडाळावा. रंगीत मखमल आणि रबर यांचे डाग पडतात. जुनेपणाचा पिवळसरपणा हा दोष नव्हे. तो घालवण्याच्या नादात वस्तूचे रूप जाते.

सोन्यामोत्यांच्या जुन्या दागिन्यांना विक्रीची अशी आडकाठी नाही. पण सराफ मोडीत घेताना सोन्याचे वजन धरतो, घडणावळ धरत नाही; म्हणून जुन्या घडणीची ठुशी किंवा वज्रटीक विकण्यापूर्वी लिलावगृहाकडून मूल्यांकन करून घ्यावे. लाख भरलेला दागिना चकाकीसाठी रिठ्याच्या पाण्यात उकळू नये, कारण उष्णतेने लाख सुटते, आणि नथीतील मोत्यांना अत्तर लागू देऊ नये.