नर्व्ह एक्सायटॅबिलिटीत नवीन आहात? वय-लिंग बघायच्या आधी हाताचं तापमान बघा

मास्टर्सला मला हा प्रोजेक्ट मिळाला, निरोगी माणसांत वयाने आणि लिंगाने नसेची (म्हणजे नर्व्हची) एक्सायटॅबिलिटी, म्हणजे ती करंटने किती सहज उत्तेजित होते, किती बदलते ते बघायचं, आणि मला वाटलं मशीनच सगळं करतं. करतंही म्हणा, मनगटावर मेडियन नर्व्हला (अंगठ्याकडे जाणारी हाताची एक मुख्य नस) करंट द्यायचा, अंगठ्याच्या स्नायूचा रिस्पॉन्स घ्यायचा आणि तो जास्तीत जास्तच्या साधारण ४०% वर ठेवायला किती करंट (हाच थ्रेशोल्ड) लागतो ते सॉफ्टवेअर सतत शोधत राहतं, त्यालाच थ्रेशोल्ड ट्रॅकिंग म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत एक माणूस होतो.

माझी चूक अशी झाली की पहिल्या काही मुलींमध्ये रिफ्रॅक्टरी पिरियड, म्हणजे एकदा उत्तेजित झाल्यावर नस लगेच परत सहज उत्तेजित होत नाही तो काळ, लांबलेला दिसला आणि मी लगेच वहीत 'लिंगाचा फरक' लिहून मोकळी झाले. सीनियर ताईंनी एकच विचारलं, हाताचं तापमान किती होतं? नोंदच नव्हती! हात गार असला की सोडियम चॅनल (नसेत सिग्नल उठवणारी सूक्ष्म दारं) सावकाश सावरतात, रिफ्रॅक्टरी पिरियड लांबतोच, आणि बायकांचे हात बरेचदा गार असतात. सगळे परत बोलावले, हात ३२ अंशांच्या वर गरम करून मग घेतलं.

दुसरी गोष्ट समजायला मला फार वेळ लागला, म्हणून नीट सांगते. वय वाढलं की तेवढ्याच रिस्पॉन्ससाठी करंट जास्त लागतो हे खरंय, पण करंट फक्त नसेवर ठरत नाही, इलेक्ट्रोड आणि नस यांच्यामध्ये किती टिश्यू आहे त्यावरही ठरतो, त्यामुळे नुसते मिलिअँपिअर बघून 'म्हातारी नस मंद' असं लिहू नका. थ्रेशोल्ड इलेक्ट्रोटोनस (बराच वेळ सौम्य करंट दिल्यावर थ्रेशोल्ड किती बदलतो) किंवा सुपरएक्सायटॅबिलिटी (रिफ्रॅक्टरी पिरियडनंतर थोडा वेळ नस जास्त सहज उत्तेजित होते ती) टक्क्यांत मोजतात, प्रत्येकाच्या स्वतःच्या थ्रेशोल्डशी तुलना करून, म्हणून तिथे मेम्ब्रेनबद्दल, म्हणजे नसेच्या तंतूच्या पडद्याबद्दल, काहीतरी बोलता येतं. वयाबरोबर सुपरएक्सायटॅबिलिटी थोडी कमी होते, पण तरुण आणि वयस्कांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात. सेन्सरी रिस्पॉन्सचंही (संवेदना नेणाऱ्या तंतूंचा बोटावर घेतलेला सिग्नल) तसंच, मधल्या टिश्यूवर ठरतं, बायकांमध्ये तो मोठा येतो, त्यात बोट बारीक असण्याचा मोठा वाटा असतो, तेव्हा बोटाचा घेर मोजून ठेवा.

पुढे पेशंटवर काम करणार असाल तर कंट्रोल (तुलनेसाठीची निरोगी माणसं) म्हणून वर्गातली विशीतली पोरं घेऊ नका, सोपं पडतं माहितीये, पण साठीच्या पेशंटशी त्यांची तुलना केली तर आजार कुठला आणि वय कुठलं हे तुम्हालाच सांगता येणार नाही.