सरावाला साजेसे धावण्याचे घड्याळ कसे निवडावे

धावण्यासाठी घड्याळ घ्यायचे ठरले की बहुतेक जण चार-पाच घड्याळांच्या सोयींचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवतात आणि ज्यात सर्वांत जास्त सोयी दिसतील ते निवडतात. माझा आग्रह याच्या उलट क्रमाचा आहे. घड्याळांकडे वळण्याआधी आपल्या सरावाचे मागचे चार आठवडे कागदावर उतरवावेत. किती दिवस धावलो, सर्वांत लांबचे धावणे किती वेळ चालले, इंटरव्हल (वेगवान धाव आणि विश्रांती आलटून पालटून) किंवा टेम्पो (बराच वेळ टिकवलेले वेगवान धावणे) झाले का, रस्ता सपाट होता की चढउताराचा, ट्रेडमिलवर किती वेळ गेला आणि धावता धावता कोणता आकडा पाहावासा वाटला, हे सगळे त्यात यावे. जो आकडा पाहून आपण वेग, अंतर किंवा विश्रांती यांपैकी काहीच बदलणार नाही, तो आकडा दाखवणाऱ्या सोयीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास धावणाऱ्याला वेळ, अंतर आणि सरासरी पेस, म्हणजे एक किलोमीटरला लागलेली मिनिटे, एवढे पुरते. हे काम प्राथमिक श्रेणीतील जीपीएस घड्याळ व्यवस्थित करते. धावणे आणि चालणे आलटून पालटून करत असाल, तर मात्र ठरलेल्या वेळाने मनगटावर कंप देणारा गजर आहे का, हे आधी पाहावे. नवशिक्याला इतर कोणत्याही सोयीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

इंटरव्हल करणाऱ्याची गरज वेगळी असते, आणि तिच्याकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी लक्ष देत नाही. घामेजलेल्या बोटांनी टचस्क्रीनवर लॅप, म्हणजे धावण्याचा एकेक टप्पा, नोंदवण्याचा प्रयत्न एकदा जरी केला असेल, तरी खरी, दाबता येणारी बटणे का हवीत हे सांगावे लागत नाही. दुसरे असे की, पडद्यावर त्या क्षणीचा म्हणून दिसणारा पेस प्रत्यक्षात काही सेकंदांचा हिशेब गुळगुळीत करून दाखवलेला असतो. २०० मीटरची धाव ४५ सेकंदांत संपत असेल, तर तो आकडा स्थिर होईपर्यंत धाव निम्मी उरकलेली असते. म्हणून चालू लॅपची वेळ आणि चालू लॅपचा सरासरी पेस एकाच पडद्यावर मोठ्या अक्षरांत मांडता येतो का, आणि धाव-विश्रांतीचा संपूर्ण आराखडा आधीच घड्याळात भरून ठेवता येतो का, हे तपासावे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सराव करणाऱ्याने ट्रॅकसाठी वेगळा मोड असलेले घड्याळ पाहावे. आपण कोणत्या लेनमध्ये आहोत हे त्यात सांगता येते आणि वळणांवर होणारी अंतराची गफलत बरीच कमी होते.

अंतराच्या अचूकतेबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. उपग्रहाकडून निघालेला संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपले स्थान काढते. उंच इमारतींच्या किंवा कड्यांच्या मध्ये हा संदेश भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतो आणि नोंदलेला मार्ग रस्ता सोडून भलतीकडे सरकतो. दोन वारंवारतांवर संदेश घेणारी, म्हणजे ड्युअल फ्रिक्वेन्सीची घड्याळे असे परावर्तित संदेश अधिक चांगल्या प्रकारे ओळखतात. दाट वस्तीत किंवा दऱ्याखोऱ्यांत धावणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे खर्च करावेत; मोकळ्या मैदानात किंवा उघड्या रस्त्यावर धावणाऱ्याला त्याचा फरक क्वचितच जाणवेल.

तरीही सर्वांत अचूक घड्याळसुद्धा मॅरेथॉनच्या शेवटी ४२.१९५ किलोमीटर दाखवेल असे नाही, आणि त्यात दर वेळी घड्याळाचाच दोष असतो असेही नाही. प्रमाणित शर्यतीचा मार्ग शक्य तितक्या जवळच्या रेषेवरून मोजलेला असतो आणि तो कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरलेला असतो. गर्दीतून वाट काढत, वळणांच्या बाहेरच्या बाजूने धावणारा त्याहून अधिक अंतर कापतो. समजा, घड्याळाने एकूण अंतर ४२.६ किलोमीटर मोजले आणि आपण त्यावरचा ५ मिनिटांचा पेस शेवटपर्यंत सांभाळला. अपेक्षा ३ तास ३० मिनिटे ५८ सेकंदांची असते, पण अंतिम रेषा ३ तास ३३ मिनिटांनी येते. ठरावीक वेळेचे लक्ष्य असणाऱ्याने म्हणून आपोआप पडणारे लॅप बंद करून मार्गावरच्या किलोमीटरच्या फलकांपाशी हाताने लॅप नोंदवता येतील, असेच घड्याळ घ्यावे.

हृदयगतीवर आधारित सराव करणार असाल, तर मनगटावरच्या सेन्सरची मर्यादा समजून घ्यायला हवी. तो त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परतणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक मोजतो. पट्टा सैल असेल, मनगट थंड असेल किंवा त्या जागी गोंदवलेले असेल, तर हे मोजमाप बिघडते. कधी कधी सेन्सर हृदयाऐवजी पावलांच्याच तालाला धरून बसतो. एका थंड पहाटे अगदी सावकाश धावत असताना माझ्या घड्याळाने १७२ ठोके दाखवले होते. मी सहज बोलत होते, श्वासही शांत होता, आणि नंतर नोंद पाहिली तेव्हा मिनिटाला पावलेही जवळपास तितकीच पडलेली होती. सलग, एका गतीच्या धावण्यात मनगटाचा सेन्सर बहुधा पुरेसा ठरतो. इंटरव्हलमध्ये ठोके झपाट्याने वरखाली होतात आणि तो मागे पडतो. तिथे हृदयाचे विद्युत संकेत टिपणारा छातीचा पट्टा अधिक भरवशाचा असतो. माझ्या मते मध्यम श्रेणीचे घड्याळ आणि छातीचा पट्टा ही जोडी, पट्ट्याविना घेतलेल्या महागड्या घड्याळापेक्षा गंभीर सरावाला जास्त उपयोगी पडते. पट्टा ब्लूटूथने किंवा अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीने जोडला जातो; घड्याळ आणि पट्टा या दोघांत एक तरी पद्धत समान आहे याची खात्री करून घ्यावी. त्याचबरोबर हृदयगतीचे झोन, म्हणजे सरावाच्या तीव्रतेनुसार पाडलेले ठोक्यांचे टप्पे, स्वतः बदलता येतात का, हेही विचारावे. अनेक घड्याळे २२० वजा वय या ढोबळ सूत्रावरून झोन ठरवतात आणि प्रत्यक्षातली कमाल गती त्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते.

बॅटरीचे तास वाचताना ते कोणत्या मोडचे आहेत हे पाहावे. जाहिरातीत ठळकपणे दिलेला आकडा बहुधा सर्वांत साध्या मोडचा असतो. ड्युअल फ्रिक्वेन्सी, संगीत आणि सतत उजळलेला पडदा यांनी तो बराच उतरतो, आणि वर्षे जातील तशी बॅटरीही क्षीण होत जाते. आपल्या सर्वांत लांब शर्यतीला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट तास मिळत असतील तर निश्चिंत राहावे. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूने याखेरीज हवेच्या दाबावरून उंची मोजणारा बॅरोमीटर आणि घड्याळातच साठवलेले नकाशे यांचा विचार करावा. केवळ जीपीएसवरून काढलेली उंची चढाईच्या हिशेबासाठी फारशी विश्वासार्ह नसते.

पडदा हा आवडीचा भाग आहे. अमोलेड, म्हणजे स्वतः उजळणारा रंगीत पडदा अंधारात देखणा दिसतो, तर उन्हात बाहेरच्या प्रकाशावरच स्पष्ट दिसणारा साधा पडदा वीज वाचवतो. ५ एटीएम असे लिहिलेले घड्याळ पाऊस, घाम आणि पोहणे सहन करते, मात्र त्याचा अर्थ ५० मीटर खोल बुडी मारावी असा नाही.

व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे माप), विश्रांतीचे तास, शर्यतीच्या वेळेचे भाकीत हे सगळे अंदाज आहेत. हृदयगती आणि पेस यांच्या परस्परसंबंधांवरून ते बांधले जातात, त्यामुळे हृदयगती चुकली की पुढचे सारे चुकते. महिनोन्महिन्यांचा कल पाहायला ते ठीक आहेत, पण एका दिवसाच्या आकड्यावरून सराव रद्द करू नये. केवळ या सोयींसाठी वरच्या श्रेणीचे घड्याळ घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

पैसे देण्यापूर्वी घड्याळ मनगटावर बांधून हात जोरात हलवून पाहावा. ते सरकत असेल तर सेन्सर नीट चालणार नाही. आपल्या नोंदी जीपीएक्स किंवा एफआयटी फाइलच्या रूपात बाहेर काढता येतात का आणि त्या पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागते का, हेही विचारून घ्यावे. घरी आणल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी ओळखीच्या, अंतर माहीत असलेल्या मार्गावर किमान तीनदा धावावे. दर वेळी उपग्रहांची जुळणी पूर्ण होईपर्यंत थांबूनच सुरुवात करावी. तिन्ही नोंदी शेजारी ठेवून अंतर कितीने हलते, रेषा कुठे रस्ता सोडते आणि लॅपचे बटण न बघता दाबता आले का, हे तपासावे. नंतर आधी लिहिलेला तो कागद काढून, त्यातल्या आकड्यांपैकी किती आकडे आपण धावताना खरोखर पाहिले, यावर खुणा कराव्यात. बहुतेक जागा कोऱ्या राहिल्या तर घड्याळ बदलून साधे घ्यायला अजून वेळ असतो.