एअरबॅगचा दिवा विझत नाही? स्कॅन करताना या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरलं, गाड्या धुतल्या, गालिचे वाळवले, इंजिनंही सुरू झाली. एअरबॅगचा दिवा मात्र काहींच्या डॅशबोर्डवर दिवाळीनंतर उगवला. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बॅग कधी उघडायची ते ठरवणारा डबा, गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगत असतं आणि पिवळे कपलर, म्हणजे तिच्या वायरींचे जोड, सीटखाली. तिथे ओल राहिली की पिना हळूहळू गंजतात, हिरव्या पडतात.

अशी गाडी गॅरेजात नेली की पहिलं वाक्य ठरलेलं: "साहेब, लाइट बंध करी दऊं?" इथेच थांबवा. स्कॅनर मॉड्यूलमधून दोषांचे कोड वाचतो. ते पुसण्याआधी सगळे लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. कोणता दोष आत्ता चालू आहे आणि कोणता जुना, हे स्कॅनर वेगवेगळं दाखवतो. चालू दोष पुसला तरी लगेच परत येतो. पण जुन्याची नोंद गेली की अधूनमधून सुटणारी वायर शोधायला हातात काहीच उरत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलवरही विसंबू नका. ते बहुतेक इंजिनाचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतं. एअरबॅगचे कोड सहसा 'बी'चे. डोंगल "दोष नाही" म्हणतं, कारण त्याने त्या मॉड्यूलला विचारलेलंच नसतं. आणि स्कॅनआधी बॅटरी तपासा. मरगळलेल्या बॅटरीमुळे कमी व्होल्टेजचे भलतेच कोड येतात.

आता सगळ्यांत धोक्याची चूक. कोड म्हणतो "चालकाच्या बॅगेच्या सर्किटमध्ये रेझिस्टन्स जास्त", आणि आपण मल्टिमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजण्यावर) ठेवून थेट बॅगेच्या पिनांना लावतो. असं कधीही करू नका. आतली ठिणगी देणारी तार साधारण २ ओहमची असते आणि मीटर मोजण्यासाठी स्वतःच करंट सोडतो. तेवढ्यानेही बॅग फुटू शकते, आणि ती सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात उघडते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. जाणकार गॅरेजात बॅग बाजूला करून तिच्या जागी तेवढ्याच ओहमचा टेस्ट रेझिस्टर लावतात. पुसल्यावर कोड परत आला नाही तर दोष बॅगेत, तोच परत आला तर वायरिंगमध्ये किंवा स्टिअरिंगच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये, म्हणजे स्टिअरिंग फिरतानाही बॅग आणि हॉर्नची जोडणी टिकवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीत. हॉर्नही अधूनमधून वाजत नसेल, तर माझा संशय आधी क्लॉक स्प्रिंगवर.

पिवळ्या कपलरला हात लावायचा तर चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल मोकळा, आणि मग थांबायचं. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुगावी म्हणून मॉड्यूलमधला कपॅसिटर चार्ज धरून ठेवतो. किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मी किमान दहा मिनिटं थांबतो. तेवढ्यात चहा होतो. एकदा सीटखालची साफसफाई करताना कपलर सुटलेला असतानाच मी चावी फिरवली. एका कोडाचे दोन झाले, आणि नवा पुसायला पुन्हा स्कॅनरवाल्याकडे जावं लागलं.

बॅग चुकून उघडली तर म्हणून, स्कॅन चालू असताना स्टिअरिंगवर ओणवं होऊन स्क्रीन बघू नका. डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती असेल तर तीही तेवढ्यापुरती उतरवा. दोष सापडल्यावर बॅग खोलण्याचं काम घरी करू नका; सुटी बॅग उचलण्याचे, ठेवण्याचेही नियम आहेत.

जुनी गाडी घेताना नुसत्या स्कॅनवर जाऊ नका. बॅग उघडून गेलेली असताना तिच्या जागी रेझिस्टर बसवून दिवा विझवणारे महाभाग आहेत, स्कॅनरही फसतो. आधी चावी ऑन करून दिवा बघा: काही सेकंद लागून तो विझला पाहिजे. लागतच नसेल तर कुणीतरी हात घातला आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकाची एअरबॅग बंधनकारक आहे, तेव्हा त्यानंतरच्या गाडीत "ह्या मॉडेलला दिवाच नाही" हे ऐकून घेऊ नका. मग स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरची शिवण आणि डॅशबोर्डचा पॅनेल बोटाने चाचपा.