प्लास्टरच्या मापाचा वाद असा मिटला
घराचं प्लास्टर संपलं आणि बिलावरून ठेकेदाराशी वाजलं. मी दारं-खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा केल्या होत्या, त्यांनी एकही नाही. शेजारच्या निवृत्त ओव्हरसियर काकांनी आयएस १२०० ची, म्हणजे बांधकामाची मापं घेण्याच्या भारतीय मानकाची, रीत समजावली. भिंतीला दोन्हीकडून प्लास्टर असेल, तर ०.५ चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करत नाहीत. ०.५ ते ३ पर्यंतची एकाच बाजूने वजा होते, कारण दुसऱ्या बाजूच्या बदल्यात दारं-खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या, भिंतीच्या जाडीतल्या आतल्या कडांचं काम धरलेलं असतं. त्याहून मोठी दोन्हीकडून वजा, पण कडा वेगळ्या मोजायच्या. त्या कडांची मेहनत मी हिशेबात धरलीच नव्हती, याचं वाईट वाटलं. मग टेप घेऊन दोघांनी मिळून मोजलं, वहीत सह्या केल्या. संध्याकाळी पैसे दिले. वरच्या मजल्याच्या करारात मापाची रीत आधीच लिहून घेतली आहे.