जाहिरातींना चुकीचा पत्ता: होस्ट्स फाइल वापरून जाहिराती कशा थांबवाव्यात

दिवाळीच्या आधी साताऱ्याला गेले होते, तेव्हा आत्याने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. "अगं, मला फक्त अनारशाच्या पिठाचं प्रमाण हवंय. हे बघ काय चाललंय." पानावर प्रमाण होतं, पण तिथवर पोचायला तीनदा खाली सरकायचं. मधे गुडघेदुखीचं तेल, मग आपोआप वाजणारा व्हिडिओ, आणि एक मोठं हिरवं 'डाऊनलोड' बटण. अनारशात डाऊनलोड करण्यासारखं काय असतं, हे तिला कळेना.

ब्राउझरमध्ये ॲडब्लॉकर टाकून काम भागलं असतं. पण आत्या दोन ब्राउझर वापरते, कुठला कधी ते तिलाही सांगता येत नाही. शिवाय क्रोममध्ये २०२४पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टप्प्याटप्प्याने बंद होत गेली, आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हा ॲडब्लॉकरही गेला. म्हणून मी थेट विंडोजच्या पोटातली एक साधी फाइल उघडली. तिचं नाव होस्ट्स.

घरात लँडलाइन होता तेव्हा फोनशेजारी एक डायरी असायची. नंबर हवा असला की आधी ती बघायची, त्यात नसेल तरच चौकशीला फोन लावायचा. कॉम्प्युटर तेच करतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधताना तो आधी होस्ट्स फाइल बघतो, तिथे नाव नसेल तर डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या चौकशी खात्याला, विचारतो. डायरीत जाहिरातवाल्यांच्या नावापुढे मुद्दाम खोटा नंबर लिहून ठेवला की झालं. फोन लागतच नाही, जाहिरात येतच नाही. आणि हे ब्राउझरपुरतं नसतं. त्या कॉम्प्युटरवरच्या बहुतेक सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतं.

ही डायरी इंटरनेटपेक्षाही जुनी. १९७०च्या दशकात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या, सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच यादीत असत. ती सांभाळण्याचं काम कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे होतं. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना, आणि १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. जुनी यादी मात्र प्रत्येक कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पडून राहिली, अजून आहे.

आता कामाला लागू. विंडोज १० आणि ११ धरून सांगते. एक आधीच सांगून टाकते: इथे नावं आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर शून्यसुद्धा मराठी उमटतं आणि विंडोजला ते शून्य वाटत नाही.

पायरी १: आधी नक्कल

सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. या शेवटच्या फोल्डरमध्ये होस्ट्स नावाची फाइल दिसेल. पुढे डॉट काही नाही, नुसतं होस्ट्स. तिची कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. हे काम कंटाळा न करता करा, पुढे काही बिघडलं तर हीच कॉपी कामाला येते.

पायरी २: नोटपॅड अधिकाराने उघडा

फाइलवर डबल-क्लिक करून उपयोग नाही. बदल कराल, पण सेव्ह करताना परवानगी नाही म्हणून अडवेल. स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, त्यावर राइट-क्लिक करा, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. मग फाइल, ओपन, आणि वरच्या त्याच फोल्डरमध्ये जा. फोल्डर रिकामा दिसेल. घाबरू नका, खाली उजवीकडे 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' लिहिलेलं असतं, ते 'ऑल फाइल्स' करा. होस्ट्स दिसायला लागेल.

आत बऱ्याच ओळी # या चिन्हाने सुरू झालेल्या दिसतील. ती नुसती टिपणं, कॉम्प्युटर ती वाचत नाही. त्यांना हात लावू नका.

पायरी ३: ओळ लिहा

सगळ्यात खाली नव्या ओळीवर असं लिहा:

०.०.०.० ॲड.डबलक्लिक.नेट

आधी पत्ता, मग एक जागा सोडून नाव. ०.०.०.० म्हणजे कुठलाच पत्ता नाही. जुन्या लेखांत त्याजागी १२७.०.०.१ असतं, म्हणजे 'स्वतःकडेच जा'. तेही चालतं, पण मग कॉम्प्युटर आधी स्वतःचंच दार वाजवून बघतो. शून्यांत तो उद्योग नाही. डबलक्लिक हे नाव उगाच घेतलं नाही. वेबवरच्या जाहिराती पुरवणाऱ्या जुन्या नावांपैकी ते एक, आणि २००८पासून गुगलच्या मालकीचं.

इथे नेमक्या चुका कुठे होतात ते बघा. नावाआधी एचटीटीपीएस वगैरे लावायचं नाही, नावानंतर तिरकी रेघ नाही. तारा (*) टाकून 'या नावाखालचं सगळं' असंही सांगता येत नाही. डबलक्लिक.नेट लिहिलं म्हणजे ॲड.डबलक्लिक.नेट अडलं असं नाही. डायरीत जोशी काका आणि जोशी काकांचा मुलगा वेगवेगळे लिहावे लागतात, तसंच.

माझी स्वतःची चूकही सांगते. पहिल्या वेळी, विंडोज ७ असताना, मी हौसेने # लावून शेजारी मराठीत टीप लिहिली. त्या नोटपॅडला देवनागरी साधेपणाने सेव्ह करता येईना, म्हणून मी 'युनिकोड' निवडलं. फाइल दिसायला छान, पण विंडोजला तिच्यातलं एक अक्षर वाचता येईना, आणि सगळ्या जाहिराती परत हजर. अर्धा तास मी नावंच तपासत बसले होते. टिपणं इंग्रजीत ठेवा, आणि एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) विचारलं तर 'ॲन्सी' किंवा साधं 'यूटीएफ-८'.

पायरी ४: सेव्ह करा आणि आठवण पुसा

कंट्रोल-एस. 'सेव्ह ॲज' करू नका, कारण मग नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी जोडतो, आणि शेजारी होस्ट्स.टीएक्सटी नावाची निरुपयोगी फाइल तयार होते. बदल दिसत नसेल तर सगळ्यात आधी हेच तपासा. एक्सप्लोररमध्ये फाइलची एक्स्टेन्शन्स (नावामागची टीएक्सटीसारखी शेपटी) दाखवण्याची खूण चालू करा, म्हणजे खरं नाव दिसतं.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश, फ्लशडीएनएस असं टाइप करून एंटर. आधी विचारलेले पत्ते कॉम्प्युटर काही काळ लक्षात ठेवतो, ते यामुळे पुसले जातात. ब्राउझरही पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नुसता टॅब नाही.

तपासायला बरेच जण एनएसलुकअप वापरतात आणि 'काहीच झालं नाही' म्हणून हात टेकतात. ती कमांड होस्ट्स फाइल बघतच नाही, सरळ डीएनएसला विचारते. त्याऐवजी पिंग आणि पुढे नाव टाका. खऱ्या सर्व्हरचं उत्तर आलं नाही म्हणजे जमलं.

कोणती नावं लिहायची?

दोन रस्ते आहेत. पहिला, स्वतः शोधायचा. त्रास देणारं पान उघडा, एफ१२ दाबा, 'नेटवर्क' निवडा, पान पुन्हा लोड करा. ते पान कुणाकुणाकडून काय काय मागवतंय त्याची यादी धावायला लागते. फायरफॉक्समध्ये 'डोमेन' हा रकाना आधीच असतो, क्रोममध्ये मथळ्यावर राइट-क्लिक करून आणावा लागतो. आत्याच्या अनारशांच्या पानाने स्वतःच्या साइटखेरीज इतक्या परक्या नावांना हाका मारल्या की आम्ही चाळिसाव्या नावाला मोजणं सोडलं. ज्या नावात 'ॲड', 'सिंडिकेशन', 'ट्रॅक' असं काही दिसतं ती एकेक करून फाइलमध्ये घाला आणि पान तपासत राहा. 'फॉन्ट्स', 'सीडीएन', 'स्टॅटिक' दिसलं तर सोडून द्या. ते अडवलं की पानाची अक्षरं आणि चित्रंच जातात.

दुसरा रस्ता तयार यादीचा. गिटहब या प्रोग्रॅम आणि याद्या ठेवण्याच्या साइटवर स्टीव्हन ब्लॅक यांची एकत्रित यादी बरीच वापरली जाते. ती अनेक याद्या जोडून बनते, आणि जुगार किंवा समाजमाध्यमंही अडवायची असतील तर वेगळे पर्यायही मिळतात. उघडायची, सगळं कॉपी करायचं, तुमच्या होस्ट्समधल्या मूळ ओळींच्या खाली चिकटवायचं. यादी लांबलचक असते, पेस्ट व्हायला वेळ लागला तर थांबा. कॉम्प्युटर जुना असेल आणि त्यानंतर इंटरनेट अडखळायला लागलं तर यादी छोटी करा. जुन्या विंडोजला हजारो ओळींची होस्ट्स फाइल झेपत नसे.

पण कुठलीही यादी चिकटवण्याआधी एक गोष्ट डोळ्यांनी बघा: प्रत्येक ओळ ०.०.०.० ने किंवा १२७.०.०.१ ने सुरू होते ना? अगदी वरती कॉम्प्युटरच्या स्वतःच्या दोनचार वेगळ्या ओळी असतात, त्या ठीक. पण तुमच्या बँकेच्या नावाआधी भलताच आकडी पत्ता दिसला, तर ती यादी फेकून द्या. जाहिरात अडवणारी हीच युक्ती चोरही वापरतात. बँकेच्या नावापुढे स्वतःच्या खोट्या साइटचा पत्ता लिहून ठेवतात, आणि वरच्या पट्टीत नाव मात्र बँकेचंच दिसतं. म्हणूनच अँटिव्हायरस या फाइलवर डोळा ठेवून असतात. २०२०च्या जुलैअखेरीपासून विंडोज डिफेंडर मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर अडवणाऱ्या होस्ट्स फाइलला 'होस्ट्सफाइलहायजॅक' नावाचा धोका ठरवतो आणि फाइल पूर्ववत करून टाकतो. जाहिरातींपुरतं काम असेल तर मायक्रोसॉफ्टची नावं यादीत घेऊच नका.

काय थांबत नाही

यूट्यूबच्या जाहिराती. त्या व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून येतो तिथूनच येतात, नाव अडवलं तर व्हिडिओही गेला. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पुरस्कृत पोस्टचंही तेच. जाहिरात गेली तरी तिची रिकामी चौकट कधीकधी तशीच राहते, कारण ही फाइल पत्ते बदलते, पान आवरत नाही. प्रॉक्सी (तुमच्या वतीने साइट उघडणारा मधला सर्व्हर) वापरत असाल, किंवा ब्राउझरमधलं व्हीपीएन एक्स्टेन्शन, तर नावाचा पत्ता पलीकडच्या टोकाला शोधला जातो आणि तुमच्या डायरीला कुणी विचारत नाही. आणि ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर हे सगळं विसरा, आयटीवाल्यांशी वाद घालण्याइतक्या जाहिराती वाईट नसतात.

मॅक असेल तर टर्मिनलमध्ये सुडो नॅनो /ईटीसी/होस्ट्स, पासवर्ड (टाइप करताना दिसत नाही, पण उमटतो), ओळी लिहून कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. लिनक्सवरही फाइल त्याच जागी. अँड्रॉइड फोनवर रूट केल्याशिवाय (फोनचा पूर्ण ताबा मिळवल्याशिवाय) ती बदलता येत नाही, पण अँड्रॉइड ९पासून सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. तिथे डीएनएस.ॲडगार्ड-डीएनएस.कॉम लिहिलं की डायरीऐवजी चौकशीवालाच जाहिरातवाल्यांचा नंबर देईनासा होतो.

एखादी साइट उघडेना, तर

आठवड्याने आत्याचा फोन आलाच. "माझं सर्च बिघडलंय. साड्यांचं दुकान दिसतंय, पण दाबलं की उघडत नाही." सर्चमध्ये सगळ्यात वर येणारे दुवे बहुतेकदा जाहिरातीचे असतात. ते आधी जाहिरातवाल्याच्या सर्व्हरवर जातात, क्लिक मोजलं जातं, मग दुकान उघडतं. मधला सर्व्हर आपणच अडवलेला. म्हटलं, खालचा साधा दुवा दाब, तोच पुढे त्याच दुकानात नेतो.

"पण वरच्यावर सूट लिहिलीये."

मग फोनवरच नोटपॅड उघडायला लावलं, कंट्रोल-एफने ते नाव शोधायला लावलं, आणि त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकायला सांगितलं. ओळ पुसायची नाही, नुसती झोपवायची. सेव्ह, ब्राउझर बंद, पुन्हा चालू. दुकान उघडलं. परत अडवायचं असेल तर तेवढं # काढायचं, आणि सगळंच जुनं हवं असेल तर डॉक्युमेंट्समधली कॉपी मूळ जागी टाकायची. आत्याने दोन्हीपैकी काहीच केलेलं नाही. तिच्या फाइलमध्ये बाकी सगळं बंद आहे, साड्यांच्या ओळीपुढे अजून # आहे.