मलेरियाच्या पॅरासाइटचे क्रोमोसोम मोजायचे कसे, आणि साइज वेगळी आली तर काय समजायचं

सोलापुरात झूलॉजी किंवा मायक्रो करताय आणि प्रोजेक्टला फाल्सिपेरम (मलेरियाचा एक पॅरासाइट) मिळालाय, तर क्रोमोसोमसाठी मायक्रोस्कोप विसरा. पेशी विभागताना याचे क्रोमोसोम आपल्यासारखे घट्ट होत नाहीत, स्लाइडवर दिसणारच नाहीत. पल्स्ड फील्ड जेल लागतं, म्हणजे जेलमधून करंट सोडून डीएनए साइजप्रमाणे वेगळा करायचा, त्यात करंटची दिशा सारखी बदलते म्हणून मोठे तुकडेही वेगळे होतात.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी काढा, नाहीतर माणसाचा डीएनए मधे लुडबुडतो. मग सॅपोनिनने लाल पेशी फोडायच्या, पॅरासाइट अगारोजच्या प्लगमध्ये (जेलच्या छोट्या ठोकळ्यात) बसवायचे आणि ईडीटीए, सार्कोसिल, प्रोटीनेज के मध्ये ५० डिग्रीला दोन दिवस ठेवायचे. डीएनए पिपेटने ओढला की तुटतो, त्यासाठीच प्लगचा खटाटोप. बाजूला यीस्टचा मार्कर, म्हणजे साइज माहीत असलेले क्रोमोसोम, तुलनेसाठी. बफर (जेलभोवतीचं द्रावण) १४ डिग्रीच्या आसपास हवा, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो, रन तर दिवसभराच्या वर चालतो, त्यामुळे चिलर आणि बॅकअप बघितल्याशिवाय सुरू करू नका.

क्रोमोसोम १४, साधारण ०.६ ते ३.३ एमबी (१ एमबी म्हणजे दहा लाख बेसच्या जोड्या). सगळे सुटे दिसत नाहीत, जवळच्या साइजचे एकावर एक बसतात.

आता खरं काम. दोन पेशंटचे बँड (जेलवर दिसणारे डीएनएचे पट्टे) वेगळ्या जागी आले म्हणून लगेच नवीन स्ट्रेन लिहू नका! सदर्न ब्लॉट करून (जेलमधला डीएनए मेंब्रेनवर उतरवून) त्या क्रोमोसोमचा प्रोब, म्हणजे त्यालाच चिकटणारा खुणेचा डीएनए, लावा, कारण एका जागी आलेले बँड एकच क्रोमोसोम असतील असं नाही. बहुतेक फरक टोकांना असतो, तिथे रेप२० चे रिपीट (पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) आणि व्हार जीन्स (लाल पेशीच्या पृष्ठभागावर येणारी प्रोटीन बनवणारे) आहेत, अदलाबदलीत तुकडे वाढतात किंवा गळतात, मधला भाग बराचसा तसाच राहतो. जास्तीचा बँड दिसला तर मिक्स इन्फेक्शन (एकाच पेशंटमध्ये एकाहून जास्त स्ट्रेन) असू शकतं, स्ट्रेनप्रमाणे बदलणाऱ्या एमएसपी१ आणि एमएसपी२ या जीन्सचा पीसीआर करून बघा.

आणि सॅम्पल लवकर फ्रीझ करा. कल्चरमध्ये जास्त दिवस ठेवलं की ९ नंबरच्या क्रोमोसोमचं एक टोक गळू शकतं, २ नंबरवरचा केएएचआरपी जीनही (लाल पेशीवर गाठी उठवणारा) जातो, मग तुम्ही पेशंटमधला पॅरासाइट मोजताय की फ्लास्कमधला, हेच कळत नाही.

८ नंबर आखूड दिसला तर मात्र थांबा. त्याच्या टोकाजवळ एचआरपी२ हा जीन आहे, बऱ्याच रॅपिड टेस्ट त्याच्याच प्रोटीनवर चालतात, आणि तो जीन गळालेले पॅरासाइट पेरूमध्ये सापडल्याचं २०१० मध्येच छापून आलंय. अशा पेशंटला मलेरिया असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आधी एचआरपी२ चा पीसीआर, सोबत १३ नंबरवरच्या एचआरपी३ चा, आणि त्याच पेशंटचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पुन्हा काढून रॅपिड टेस्टच्या रिझल्टशेजारी नोंदवा.