मुख्य बटण दाबल्यावरच बाकीची बटणं चालू व्हावीत: युनिटीतली पद्धत

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये किल्ला बांधायचा एक मोबाइल गेम करतोय असं धरून चालू. खालच्या कोपऱ्यात 'बांधकाम' बटण आहे. ते दाबलं की भिंत, बुरूज आणि तोफ ही तीन बटणं उघडतात. भिंतीला ५० नाणी लागतात, बुरुजाला १२०, तोफेला २००. खेळाडूकडे १५० नाणी असतील तर पहिली दोन बटणं चालू दिसावीत आणि तोफ फिकी राहावी.

मुख्य बटणाच्या 'ऑन क्लिक' यादीत तिन्ही बटणं ओढून टाका, प्रत्येकासमोर 'बटण'मधलं 'इंटरॅक्टेबल' (बटण दाबता येईल की नाही ते ठरवणारी खूण) निवडा, टिक करा. एकही ओळ न लिहिता काम होतं, आणि नाण्यांची अट नसेल तर तेवढं पुरे. अट आली की मात्र हे मोडतं. नाणी मोजणारी स्क्रिप्ट तोफ बंद करते, मुख्य बटण ती परत चालू करतं, पुढे ट्युटोरियल आलं की तेही त्याच टिकेवर हात मारतं. जो शेवटी लिहितो त्याचं खरं ठरतं. १५० नाण्यांत तोफ विकली जाते ती अशी.

उपाय सोपा आहे: एका कारणाला एकच कळ. 'यादी उघडी आहे का' हे कॅनव्हास ग्रुपने (आतल्या सगळ्या बटणांना एकत्र ताब्यात ठेवणारा कंपोनंट) सांगावं, 'ऐपत आहे का' हे बटणाच्या स्वतःच्या इंटरॅक्टेबलने. वरचा ग्रुप बंद असेल तर आतलं बटण टिक असूनही दाबलं जात नाही, आणि ग्रुप उघडला की प्रत्येक बटण आपल्या टिकेप्रमाणे वागतं. दोन्ही अटी जुळवायचं काम युनिटी आपणहून करते.

हायरार्कीत (सीनमधल्या ऑब्जेक्टच्या यादीत) मांडणी अशी ठेवा:

१. कॅनव्हासखाली आधी 'बांधकाम' बटण.
२. त्याच्याखाली, म्हणजे यादीत नंतर, 'बांधकाम गट' नावाचा रिकामा ऑब्जेक्ट, पूर्ण स्क्रीनभर ताणलेला. त्यावर कॅनव्हास ग्रुप चढवा.
३. गटाच्या आत पहिला 'पडदा': पूर्ण स्क्रीनची इमेज, रंगाचा अल्फा (० म्हणजे पूर्ण पारदर्शक) ०, रेकास्ट टार्गेट (टॅप झेलायची टिक) चालू. त्यावरही एक बटण कंपोनंट, ट्रान्झिशन 'नन'. याचं काम एकच, बाहेर कुठेही टॅप झाला की यादी मिटवणं.
४. पडद्यानंतर 'रांग': हॉरिझाँटल लेआउट ग्रुप, आणि त्यात तीन बटणं.

क्रम चुकवू नका. हायरार्कीत जे नंतर ते स्क्रीनवर वर येतं आणि बोट आधी त्यालाच लागतं. पडदा रांगेच्या नंतर गेला तर तिन्ही बटणं नीट दिसतील, पण कुठलंही दाबलं तरी यादी मिटेल. पडदा रांगेच्या आतही ठेवू नका, नाहीतर लेआउट ग्रुप त्यालाही चौथं बटण समजून ओळीत बसवतो.

मुख्य बटण गटाच्या आधी ठेवल्यामुळे उघड्या यादीत ते पडद्याखाली झाकलं जातं. म्हणजे मुख्य बटणाने फक्त उघडायचं आणि पडद्याने फक्त मिटायचं. एकाच बटणाने उघड-मीट करायची भानगडच राहत नाही.

आता स्क्रिप्ट. ती कॅनव्हासवर किंवा कायम चालू राहणाऱ्या ऑब्जेक्टवर ठेवा, गटावर नको. तिच्यात तीन फंक्शन पुरतात: उघडा, मिटवा आणि ताजं करा.

'ताजं करा' प्रत्येक बटणाची किंमत शिल्लक नाण्यांशी ताडून पाहतं आणि त्या बटणाचं इंटरॅक्टेबल ठरवतं. बटणाच्या या टिकेला हात लावायचा हक्क पूर्ण प्रकल्पात या एकाच फंक्शनाला. नाण्यांच्या स्क्रिप्टमध्ये 'शिल्लक बदलली' असा इव्हेंट ठेवा आणि तो वाजला की हे फंक्शन चालवा. प्रत्येक फ्रेमला चालवायची गरज नाही.

'उघडा' फंक्शनात आधी 'ताजं करा' चालवा, मग ग्रुपचं ब्लॉक्स रेकास्ट्स (टॅप मागे जाऊ न देणारी टिक) लगेच चालू करा. अल्फा ० वरून १ वर ०.१५ सेकंदात न्या, आणि तो पोचल्यावर शेवटी ग्रुपचं इंटरॅक्टेबल चालू करा. घाईने दोनदा टॅप करणारे खेळाडू खूप असतात. दुसरा टॅप नव्याने उगवलेल्या बुरुजावर पडला तर १२० नाणी गेली आणि वाईट रिव्ह्यू आला. ब्लॉक्स रेकास्ट्स आधीच चालू असल्याने तो टॅप मागच्या जमिनीवर पडत नाही, आणि इंटरॅक्टेबल अजून बंद असल्याने बटण किंवा पडदाही त्याला दाद देत नाही. तेवढ्या वेळात बटणं किंचित फिकी दिसून मग उजळतात. ते चांगलंच दिसतं.

'मिटवा' याच्या उलट: आधी इंटरॅक्टेबल बंद, मग अल्फा ०, आणि ब्लॉक्स रेकास्ट्सही बंद. हे शेवटचं हमखास विसरलं जातं. अल्फा ० झाला तरी ग्रुप टॅप अडवतच राहतो. आपल्याकडे तर स्क्रीनभर पडदा आहे, म्हणजे यादी मिटल्यावर सगळा गेम मुका. सीन सुरू होतानाही ग्रुप याच मिटलेल्या अवस्थेत हवा. इन्स्पेक्टरमधल्या (निवडलेल्या ऑब्जेक्टच्या खिडकीतल्या) टिकेवर विसंबू नका, 'अवेक'मध्ये (स्क्रिप्ट जागी होताच धावणारं फंक्शन) तिन्ही गोष्टी स्वतः लिहा.

यादी उघडल्यावर गेम थांबावा म्हणून टाइम स्केल (गेममधल्या वेळेचा वेग) ० करत असाल तर फेड (अल्फाचा हळूहळू बदल) अडकेल, कारण डेल्टा टाइमही (दोन फ्रेममधला वेळ) ० होतो. तिथे अनस्केल्ड डेल्टा टाइम वापरा. कोरूटीनमध्ये (मध्ये थांबत अनेक फ्रेम चालणारं फंक्शन) थांबायचं असेल तर 'वेट फॉर सेकंड्स रिअलटाइम'.

सेट अॅक्टिव्हने पूर्ण गटच बंद-चालू केला तर? चालतं, पण त्याचे तीन काच आहेत. सुरुवातीपासून बंद असलेल्या ऑब्जेक्टवरच्या स्क्रिप्टचा 'अवेक' तो पहिल्यांदा चालू होईपर्यंत धावत नाही, म्हणून तिथे जोडलेले लिसनर (इव्हेंट वाजला की चालणारी फंक्शन) गायब असतात. गेमऑब्जेक्टच्या 'फाइंड'ला बंद ऑब्जेक्ट सापडत नाही. आणि ऑब्जेक्ट बंद झाला की त्यावर चाललेलं कोरूटीन तिथेच मरतं, फेड अर्ध्यात राहतो. लिसनर 'ऑन एनेबल'मध्ये जोडून 'ऑन डिसेबल'मध्ये काढले नाहीत तर दर वेळी एक जास्त जमा होतो: तिसऱ्यांदा उघडल्यावर एका टॅपला तीन भिंती.

बटण दाबलं जात नसेल तर शोध या क्रमाने घ्या. सीनमध्ये इव्हेंट सिस्टम (टॅप बटणांपर्यंत पोचवणारा ऑब्जेक्ट) आहे का? नसेल तर एकही बटण चालणार नाही. प्रकल्प नव्या इनपुट सिस्टमवर नेला असेल तर जुनं स्टँडअलोन इनपुट मॉड्यूल बदललं का? कॅनव्हासवर ग्राफिक रेकास्टर (टॅप कशावर पडला ते शोधणारा कंपोनंट) आहे का? मग वर कोण बसलंय ते पाहा. गेम चालू ठेवून हायरार्कीत इव्हेंट सिस्टम निवडा. इन्स्पेक्टरच्या तळाशी पॉइंटरखाली सध्या कोणता ऑब्जेक्ट आहे ते दिसतं. बहुतेक वेळा एखादी पारदर्शक इमेज किंवा मोठी मजकूर-पेटी सापडते, जिचं रेकास्ट टार्गेट उगीच चालू राहिलेलं असतं.

कोडमधून तपासताना एक फसगत ठरलेली. बटणाचं 'इंटरॅक्टेबल' विचारलं तर फक्त त्याची स्वतःची टिक कळते. ग्रुप बंद असला तरी उत्तर 'हो' येतं. खरी अवस्था हवी असेल तर 'इज इंटरॅक्टेबल' हे फंक्शन विचारा, ते ग्रुपही धरतं.

दिसण्याच्या तक्रारी वेगळ्या. कलर टिंट (बटणाची अवस्था रंगाने दाखवणारं ट्रान्झिशन) फक्त टार्गेट ग्राफिकला रंगवतं, म्हणून तोफेचं बटण फिकं होतं पण त्यावरची '२००' ही अक्षरं झगझगीत राहतात. अक्षरांचा रंगही 'ताजं करा'मध्येच बदला. टॅप झाल्यावर मुख्य बटण 'सिलेक्टेड' रंगात अडकून राहत असेल तर त्याचं नॅव्हिगेशन 'नन' करा. फोनवर त्याचा उपयोग नसतोच. बटणाचं ट्रान्झिशन 'अॅनिमेशन' असेल आणि त्या अॅनिमेशनमध्ये रंग असेल, तर अॅनिमेटर तो सतत लिहीत राहतो आणि स्क्रिप्टने दिलेला रंग पुसला जातो.

बटणावर टाकलेलं बोट मागच्या जमिनीवरही उमटतं, ही खास फोनवरची अडचण. जमिनीवरचा टच वाचताना इव्हेंट सिस्टमला 'इज पॉइंटर ओव्हर गेमऑब्जेक्ट' विचारतात, पण कंसात त्या टचचा फिंगर आयडी द्यावा लागतो. न दिल्यास ते माउसपुरतं उत्तर देतं. म्हणून एडिटरमध्ये सगळं ठीक आणि फोनवर गोंधळ. हा प्रश्न टच सुरू होतानाच विचारा, बोट उचलल्यावर भरवसा नाही.

खरेदीच्या फंक्शनात किंमत पुन्हा तपासा, बटण चालू होतं म्हणून गृहीत धरू नका. दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबणारा खेळाडू भेटतोच. पूर्ण गेमला एकच बोट पुरत असेल तर मल्टी टच एनेबल्ड बंद करून मोकळे व्हा.

बटणाच्या आकाराचं माप अँड्रॉइडसाठी किमान ४८ डीपी (स्क्रीनच्या घनतेप्रमाणे जुळणारं माप), आयफोनसाठी ४४ पॉइंट. ४८० डीपीआयच्या फोनवर ४८ डीपी म्हणजे १४४ पिक्सेल. कॅनव्हास स्केलर 'स्केल विथ स्क्रीन साइझ'वर ठेवा आणि लहान फोनवरही हे माप भरतं का ते बघा. अँड्रॉइडचं 'मागे' युनिटीत एस्केप कळ म्हणून येतं. यादी उघडी असताना ते दाबलं तर 'मिटवा' चालवा, गेम बंद करू नका.

बुरूज कायमचा खुला झाला, अशी गोष्ट जपून ठेवायची असेल तर ती प्लेअर प्रेफ्समध्ये (फोनवर लहानसहान माहिती साठवायची युनिटीची सोय) ० किंवा १ म्हणून लिहा, कारण तिथे हो-नाहीचा वेगळा प्रकार नाही. लिहिल्यावर लगेच 'सेव्ह' करा. खेळाडू अॅप सरकवून मारतो तेव्हा बंद होतानाचं लिखाण होईलच असं नाही. बटणाची टिक मात्र साठवू नका. गेम उघडला की 'ताजं करा' ती पुन्हा काढतंच.